बक्रमचा घुमट

इस्तंबूल मी पाहिलेलं नाही, आणि या वयात पाहीन असंही वाटत नाही. माझे गुडघे आता नागपूरपर्यंतच साथ देतात. पण तिथल्या एका मशिदीचा घुमट मी माझ्या हातानं कापलाय आणि शिवलाय. तेव्हा तिच्याबद्दल लिहायचा मला थोडाफार हक्क आहे, असं मी धरून चालते.

चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन आहे. चाळीस वर्षं मी तिच्यावर ब्लाउज शिवले. वर्ध्याकडून लग्न होऊन इकडं हिंदी मुलखात आले, हे रेल्वेत होते, दिवसभर घरात मी एकटी. एक दिवस माझंच जुनं ब्लाउज टाका टाका करून उसवलं, तुकडे जमिनीवर मांडले आणि पुन्हा जोडून पाहिलं. तिसऱ्या वेळेस ते अंगात आलं. शिकले ती अशी. दुसरा कुणी गुरू नाही.

आता नातीचं सांगते. ती आर्किटेक्चर शिकते. हात फार चांगला, रेघ मारली की नुसती पाहत राहावी. पण चार माणसांपुढं उभी केली की पोट्टीचा आवाजच निघत नाही. मागच्या वर्षी वास्तुकलेच्या इतिहासाच्या तोंडी परीक्षेत ती पाच मिनिटं गप्प उभी राहिली आणि नापास होऊन आली. यंदा तोच विषय पुन्हा द्यायचा होता. या खेपेस राहिली तर वर्ष गेलं. आणि माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, सांगून टाकलं होतं की मग हे कॉलेज बंद, मुकाट्यानं बी.कॉम. करायचं.

परीक्षा अशी होती की प्रत्येकानं एका ऐतिहासिक इमारतीचं मॉडेल करायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना ती इमारत समजावून सांगायची. इमारती चिठ्ठ्या टाकून वाटल्या. आमच्या पोट्टीला निघाली इस्तंबूलच्या टेकडीवरची ऑटोमन सुलतानाची मोठी मशीद.

मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आपल्या इकडचं एखादं देऊळ घ्यायचं न. एवढ्या दूरचं काहून घेतलं?"

"चिठ्ठी थी पापा, मेन्यू कार्ड नहीं," ती म्हणाली. आमची नात मराठी सगळं समजते, पण बोलते हिंदीतच. मध्ये मध्ये एखादा मराठी शब्द सांडतो, तेवढाच.

त्या दुपारी तिनं मला लॅपटॉपवर ती मशीद दाखवली. खोटं काहून सांगू, आधी मी चष्मा लावायचा कंटाळा केला होता. मग उठून चष्मा आणला. मधोमध एक मोठा घुमट, त्याला पुढून-मागून टेकलेले दोन अर्धे घुमट, त्यांच्या काखेत आणखी लहान, मग त्याहून लहान. कोपऱ्यांत चार मिनार, पेन्सिलीला टोक काढावं तसे. एवढी अवजड दगडी इमारत, पण टेकडीवर ती लादल्यासारखी वाटत नव्हती. टेकडीच हळूहळू गोल होत वर गेली असावी, असं वाटत होतं. साडेचारशे वर्षांच्या वर होऊन गेली म्हणे. त्या गावात भूकंप होतात, तरी उभी आहे.

"आणि आतून?" मी विचारलं.

तिनं आतला फोटो लावला. आत खांबांची गर्दीच नाही! बाजूंना चार जाडजूड खांब, आणि मधली सगळी जागा मोकळी. वर तो घुमट, त्याच्या गळ्याशी खिडक्यांची माळ. त्या खिडक्यांतून असा उजेड आत येत होता की घुमट कशावर टेकलाय हेच कळू नये.

"एवढं वजन जातं कुठं वं?"

"वही तो बताना है," ती म्हणाली, आणि तिचं तोंड उतरलं.

मग मॉडेलचे हाल सुरू झाले. चौकोनी इमारत पुठ्ठ्याची झाली, मिनार झाले, लहान घुमट प्लास्टिकचे चेंडू कापून झाले. मोठा घुमट काही होईना. फुग्यावर कागद चिकटवला, तर फुगा रात्रीतून बसला आणि सकाळी घुमटाला खळगा. जाड पुठ्ठा वाकवला, तर त्याला घड्या पडल्या.

मी म्हटलं, "छत्री पाहिली का तू कधी? घेरदार परकर पाहिला? गोल वस्तू एका तुकड्यात होत नाही, बाई. कळ्या काढाव्या लागतात. खाली रुंद, वर निमुळत्या. सोळा कळ्या जोडल्या की झाला तुझा घुमट. आणि बक्रम घे. कॉलरमधे घालतो ते कडक कापड. ना मोडत, ना बसत."

ती माझ्याकडं पाहतच राहिली. "आजी, इसको हम लोग भी ऐसे ही बनाते हैं. कंप्यूटर पे."

"कॉम्प्युटरले कोणी शिकवलं?" मी म्हटलं.

बक्रम घ्यायला आम्ही सदर बाजारात गेलो. तिथं अस्तर-बक्रमचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचे, मुसलमान, मला पहिल्यापासून दीदी म्हणतात. मी पाव मीटर, अर्धा मीटर घेणारी बाई. त्या दिवशी चार मीटर मागितलं.

"इतना बक्रम? दीदी, बारात सिल रही हो क्या?"

"मस्जिद सिलनी है," मी म्हटलं.

त्यांचा गज हवेतच राहिला. मग पोट्टीनं फोनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून फोटो इतका वेळ पाहिला की मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली. "माशाल्लाह," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "बिटिया, घुमट कधी खालून पाहिलास का? पुस्तकात नाही, खरा?" हे ते हिंदीतच म्हणाले, मी आपलं मराठीत लिहिते. ती नाही म्हणाली. त्यांनी गल्ला आपल्या मुलाकडे सोपवला आणि आम्हाला मागच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, त्यांच्या मशिदीत घेऊन गेले. नमाजाची वेळ नव्हती. बाहेर गाड्यांचा कलकलाट, आणि चपला काढून आत पाऊल टाकलं तर पायाखाली गार फरशी.

मशीद साधीच होती. घुमट आमच्या बैठकीच्या खोलीएवढा असेल. पण मी मान वर केली आणि मला जे फोटोत कळलं नव्हतं ते तिथं कळलं. खोली चौकोनी. घुमट गोल. गोल वस्तू चौकोनावर ठेवली तर चार कोपरे उघडे राहणार. त्या चारी कोपऱ्यांत एकेक वाकलेला तिकोनी तुकडा बसवला होता, खाली टोकदार, वर पसरट.

"अगं, हा तर बगलेतला तुकडा!" मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की माझाच आवाज वरून फिरून माझ्याकडं आला.

जुन्या पद्धतीच्या बंडीला, सदऱ्याला काखेत एक तिकोनी तुकडा लावतात. तो नसेल तर हात वर केला की शिवण टरकन फाटते, कारण सगळी ओढ एकाच टाक्यावर येते. तो तुकडा ओढ वाटून घेतो. मी नातीला तिथंच माझा हात वर करून दाखवलं. दुकानदार हसत होते. ती हसली नाही. ती वर पाहत होती, आणि तिचे ओठ हलत होते, मनात काहीतरी जुळवत असल्यासारखे.

परीक्षेला दोन दिवस होते. तिनं मोजमाप करून मला एका कळीचा कागदी फर्मा काढून दिला. घुमटाच्या खालचा घेर एक्केचाळीस इंच, कळ्या सोळा. ती कॉलेजला गेली, मी कैची घेऊन बसले. बक्रमवर फर्मा ठेवून कापत गेले. दुपारच्या चहापर्यंत सोळा कळ्या एकावर एक रचून तयार. संध्याकाळी ती आली आणि कडेला कड लावून गोंदानं चिकटवत बसली. मी स्वयंपाकाला गेले.

थोड्या वेळानं खोलीतून काहीच आवाज येईना, म्हणून डोकावले. घुमट झाला होता, देखणा झाला होता. पण पुठ्ठ्याच्या गोल कड्यावर तो बसत नव्हता. बापाचं हेल्मेट लेकराच्या डोक्यावर ठेवावं तसा सगळीकडून खाली घसरला होता. ती जमिनीवर कागद पसरून आकडेमोड करत होती. एकदा केली. खोडली. पुन्हा केली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. हो, मराठीत म्हणाली. "मुझसे गणित होता ही नहीं. आजी, परसों मैं नहीं जाऊँगी."

मी टेप घेतला आणि घेर मोजला. एकोणपन्नास इंच. आठ इंच जास्त.

सोळा कळ्या, आठ इंच. दर कळीमागं अर्धा इंच. आता ज्यानं कधी शिवणकाम केलंय त्याला पुढचं सांगायला नको. फर्म्यावर कापायचं म्हणजे रेघेवर कापायचं, हे माझ्या हाताला ठाऊकच नाही. माझी कैची चाळीस वर्षं रेघेच्या बाहेरून चालत आली आहे. शिवणीसाठी दोन्हीकडून पाव पाव इंच सोडायचं, पुढंमागं बाई जाड झाली तर उसवून सैल करता यावं. मी घुमटालाही मार्जिन सोडलं होतं! पोट्टीनं ते शिवणीत दाबायचं सोडून कडेला कड चिकटवलं, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं की ते तिथं आहे.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. कॉलोनीत माझं नाव आहे की हिच्या हातून कापड बिघडत नाही. आणि ते नाव मला प्रिय आहे, हे मी लपवत नाही. "थोडा आराम कर, पाहू," एवढं म्हणून मी पोळ्या लाटायला गेले. पोळ्या करपल्या.

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. त्याचा माल वाहतुकीचा धंदा, दिवस भनपुरीत ट्रकवाल्यांशी वाद घालण्यात जातो, घरी येईपर्यंत डोकं तापलेलं असतं. त्यानं तो घसरलेला घुमट पाहिला, रडवेली पोरगी पाहिली.

"झालं? मी सांगूनच राहिलो होतो. हिच्याच्यानं मोजमाप होत नाही. फुकट हट्ट. आता तरी ऐक माझं."

तिनं मान खाली घातली. अगदी तशीच, जशी ती परीक्षकांपुढं घालत असेल. आणि मला एकदम दिसलं की ही पोरगी अशा चुका डोक्यावर घेऊन उभी राहते ज्या तिच्या नाहीत, म्हणून तिच्या तोंडून शब्द निघत नाही.

पिठाच्या हातानंच मी बाहेर आले.

"तिचं मोजमाप बरोबर हाय. फर्मा बरोबर हाय. माझी कैची चुकली."

"आई, तू तिची बाजू घेऊ नको."

"बाजू नाही घेऊन राहिली. मोजून घे. दर कळीले अर्धा इंच म्या जास्त सोडला. ब्लाउज समजून इस्तंबूलचा घुमट कापला म्या."

त्यानं खरोखर टेप घेऊन एक कळी मोजली, मग फर्मा मोजला. मग आत जाऊन हातपाय धुऊ लागला. नात माझ्याकडं पाहत होती. मला वाटलं चिडेल. तिचा हक्कच होता.

"मतलब मैं सही थी?" ती म्हणाली.

"हव. तू सही होती."

दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेज बुडवलं. गोंद ओल्या फडक्यानं सोडवून आम्ही सोळाही कळ्या वेगळ्या केल्या. जास्तीची पट्टी कापून कळ्या रेघेवर आणता आल्या असत्या. पण मी म्हटलं, आता हे मार्जिन आत दुमडू आणि हातानं शिवू, कपड्यासारखं. मशीनमधे एवढं गोल वळत नाही. तिनं आयुष्यात सुई धरली नव्हती. पहिल्या कळीत चार वेळा बोट टोचून घेतलं. समोरासमोर बसून आम्ही शिवत होतो, आणि हात चालतात तेव्हा तोंडाला काम लागतं, म्हणून मी म्हटलं, "आता सांग मले, सगळं सांग. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मले समजलं पाहिजे."

आणि ती सांगायला लागली.

त्याच गावात हजार वर्षं आधीचं एक मोठं चर्च होतं. त्याचाही घुमट फार मोठा, आणि तो एकदा कोसळला होता. या मशिदीच्या वास्तुकारानं ते चर्च नीट पाहिलं, त्याचं दुखणं समजून घेतलं. तो आधी सैन्यात होता, पूल बांधायचा. मशिदीचा पाया भरल्यावर लोक वाट पाहून कंटाळले तरी त्यानं घाई केली नाही, जमिनीला बसू दिलं.

"नवीन कापड धुऊन आटवून घेतो तसं," मी म्हटलं.

"वैसा ही," ती म्हणाली.

मोठ्या घुमटाचं वजन दोन बाजूंनी अर्ध्या घुमटांवर उतरतं, तिकोनी तुकड्यांतून चार खांबांवर येतं. उरलेल्या दोन बाजूंना भिंती बाहेर ढकलल्या जाऊ नयेत म्हणून भलेमोठे टेकू हवेत. ते त्यानं अर्धे भिंतीच्या आत आणि अर्धे बाहेर घेतले, आणि मध्ये कमानींचे सज्जे काढून झाकून टाकले. पाहणाऱ्याला सज्जा दिसतो, टेकू दिसत नाही.

माझी सुई थांबली. खरं सांगते, त्या माणसाला तिथंच नमस्कार करावासा वाटला. चांगल्या शिवणाऱ्याची सगळी जिंदगी यातच जाते, की जिथं जोर आहे ते दिसू नये, आणि तुटूही नये.

मी विचारत गेले, ती सांगत गेली. घुमटाच्या बांधकामात मातीची मोकळी मडकी बसवली आहेत, त्यानं आवाज घुमतो पण फाटत नाही. म्हणतात की सुलतानाच्या कानावर चुगली गेली, तुमचा वास्तुकार मशिदीत बसून हुक्का ओढतो. सुलतान तरातरा आला. पाहतो तर हुक्क्यात तंबाखू नाही, नुसतं पाणी. घुमटाखाली बसून तो पाण्याची गुडगूड कोपऱ्यापर्यंत कशी जाते ते ऐकत होता. यावर मी इतकी हसले की सून आतून पाहायला आली. आत हजारो तेलाचे दिवे लागायचे. त्यांची काजळी भिंतींवर बसू नये म्हणून वारा असा फिरवला होता की ती दारावरच्या एका खोलीत जमा व्हायची, आणि तिची शाई करायचे.

"काजळीची शाई!" मी म्हटलं. "आणि आजूबाजूला काय होतं? नुसती मशीद?"

नुसती मशीद नव्हती. शाळा होत्या, दवाखाना होता, वाटसरूंची सोय होती, आणि एक मोठं स्वयंपाकघर होतं, तिथं गरिबाला जेवण मिळायचं. धर्म न विचारता मिळायचं का, ते तिला माहीत नव्हतं. "पता नहीं आजी, पढ़ के बताऊँगी," ती म्हणाली. मला ते आवडलं. माहीत नाही म्हणताना तिनं मान खाली घातली नाही.

संध्याकाळी शेवटची कळी जोडली. आत दुमडलेल्या मार्जिनांच्या सोळा कडक पट्ट्या झाल्या होत्या, छत्रीच्या काड्यांसारख्या. घुमट कड्यावर ठेवला. टच बसला.

परीक्षेच्या दिवशी मॉडेल मुलाच्या गाडीत मागं ठेवलं आणि घुमट मी मांडीवर घेतला, माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून. मुलगा स्वतः सोडायला आला. रस्ताभर गतिरोधक आला की आधीच गाडी मुंगीच्या चालीनं न्यायचा.

परीक्षा एका मोठ्या हॉलमध्ये होती. पालकांना आत सोडत नव्हते. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले, खिडकी उघडी होती. परीक्षक एक बाई होत्या, केस आखूड, आवाज कोरडा. नातीचं नाव पुकारलं. त्यांनी मॉडेलभोवती एक फेरी मारली आणि हिंदीत एकच प्रश्न विचारला, "इस गुंबद का वजन कहाँ जा रहा है?"

नात गप्प.

मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. पंधरापर्यंत गेले असेन. मागच्या वर्षीची ती पाच मिनिटं माझ्या छातीवर बसल्यासारखी झाली. खिडकीतून ओरडून सांगावं असं वाटलं, आणि मी पदराचं टोक तोंडात धरलं.

मग माझ्या पोट्टीनं दोन्ही हातांनी घुमट उचलला, बाजूला ठेवला, आणि उघड्या पडलेल्या चौकोनाच्या एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. "मॅडम, यहाँ से शुरू करूँ?" म्हणाली. मग आपला उजवा हात वर केला आणि डाव्या हातानं काख दाखवली. परीक्षक बाई आधी चक्रावल्या. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. पुढचं मला सगळं ऐकू आलं नाही, पंखा आवाज करत होता. पण तिचा आवाज चालू होता, थांबत नव्हता, एवढं ऐकू येत होतं. मला तेवढं पुरे होतं.

बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "आजी, मॅडम बोलीं कि असली गुंबद में अंदर ऐसी पट्टियाँ नहीं हैं. सिलाई गलत है. मार्क्स कटेंगे."

"बरोबर बोलल्या," मी म्हटलं. "ती चूक माझी. सांगितलं का त्याईले?"

"नहीं. मैंने बोला, कपड़े को चाहिए थीं, पत्थर को नहीं."

निकाल लागला. फार मोठे गुण नव्हते, पण पास झाली. तिनं बापाला फोनवर दाखवला. त्यानं चष्मा नसताना डोळे बारीक करून पाहिला, आणि फोन परत दिला. पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचा कागद तिनं त्याच्यापुढं ठेवला, तोही हलक्या हातानं, जणू घुमटच ठेवते आहे.

त्यानं पेन उघडलं. "आधी सांग, त्या सज्ज्यांच्या मागे टेकू कसे लपवले म्हणते तू? आई कालपासून तेच सांगून राहिली, मले काही समजलं नाही."

ती खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली. त्यानं मध्ये दोनदा अडवलं, तिनं दोनदा पुन्हा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा चिडूनच. मग त्यानं सही केली.